ब. साळुंखे यांचा शोध

घाटकोपर (पूर्व),
रविवार, दुपारचे तीन.

तीर्थस्वरूप विमलआत्या हिच्या चरणी,

नंदकिशोरचा नमस्कार. साष्टांगच घालणार होतो, पण गेल्या महिन्यापासून उजवा गुडघा एकदा वाकला की सरळ करायला माधुरीला हाक मारावी लागते, आणि ती आत्ता झोपली आहे. तेव्हा सात अंगांनी घातला आहे असं समज, आठवं समक्ष घालीन. तुझी तब्येत कशी आहे? कानाचं यंत्र लावतेस की ते अजून हळदीच्या डब्याशेजारीच आहे? रक्तदाबाची सकाळची गोळी सकाळीच घेत जा. (तू ती जेवणावर ढकलतेस हे मला तुमच्या वॉचमनने सांगितलं. त्याला रागावू नकोस, मीच खोदून खोदून विचारलं.) आम्ही इथे सगळे बरे आहोत. म्हणजे दिशा नीट जेवत नाही, माधुरी माझ्याशी कामापुरतं बोलते आणि मी चार महिने घरात टिकलेलो नाही. एवढं सोडलं तर बरे.

पत्र लिहायचं कारण तुला ठाऊक आहे. फोनवर तुला नको असलेलं काही ऐकू येत नाही (हवं असलेलं शेजारच्या फ्लॅटमधलंही येतं), आणि दारात यायची तू मला बंदी केली आहेस. चार महिन्यांपूर्वी मी दिशाला घेऊन बोरिवलीला आलो होतो. तिने तुला सांगितलं की तिला प्रबुद्धशी लग्न करायचंय, चेंबूरच्या एकाच लॅबमध्ये दोघं कामाला आहेत, मुलगा शांत आहे, आणि गंमत म्हणजे आडनावसुद्धा साळुंखेच. तू म्हणालीस, एकाच आडनावात लग्न म्हणजे भावकी, भाऊबहीण, जमायचं नाही. मग विचारलंस, राहतो कुठे? मानखुर्दला. मग विचारलंस, घरात देव कुठले? दिशा म्हणाली, बुद्ध. त्यावर तू बराच वेळ गप्प बसलीस, आणि नंतर जे बोललीस ते मालवणीत बोललीस, तेव्हाच मी ओळखलं की प्रकरण गंभीर आहे. "मगे आपला आडनाव तेंच्याकडे गेलाच कसा? तेंनीच घेतल्यानी असतला. शोधून काढ नंद्या, आणि माका लेखी आणून दी. तवसर माझ्या दारात येव नको." आता तूच बघ, पहिल्या वाक्यात ती माणसं इतकी जवळची होती की लग्न होऊ नये, आणि पाचव्या वाक्यात इतकी लांबची की लग्न होऊ नये. चहा अजून निवलासुद्धा नव्हता.

दिशा जिन्यात रडली. तुला ऐकू गेलं नसेल म्हणून लिहितोय. माधुरी नोकरीला जायची तेव्हा सहा वर्षं त्या पोरीला तूच सांभाळलंस, पोटफोड्या ष तिने तुझ्या मांडीवर गिरवला. तिला आमची परवानगी नकोच आहे, ती सत्तावीस वर्षांची आहे. पण विमलआजी 'हो' म्हणाल्याशिवाय ती लग्न करणार नाही, असं तिने प्रबुद्धला सांगून टाकलं, आणि तो शहाणा मुलगा 'बरं' म्हणाला. म्हणजे गेले चार महिने त्या दोघांचं सगळं तुझ्या एका लेखी कागदावर अडलं आहे. तर हा तो कागद. लाल पेन तुझ्या हाताशी असेलच (निवृत्त होऊन चोवीस वर्षं झाली तरी माझी पत्रं तू तपासून परत पाठवतेस, मागच्या वेळी दहापैकी साडेपाच दिले होतेस), पण एवढं पत्र आधी वाच आणि मग तपास.

शोध कुठून सुरू करायचा हेच मला माहीत नव्हतं. विमा कंपनीत पस्तीस वर्षं मी गेलेल्या माणसांचे कागद तपासले, पण ते कागद वारस स्वतः आणून टेबलावर ठेवायचे. मला उठावं लागत नसे. म्हणून पहिल्यांदा जवळचं म्हणून आमच्या घाटकोपरच्या वाचनालयात गेलो. तिथे काउंटरवर केयूरभाई बसतात. त्यांनी माझं कार्ड केलं आणि त्यावर लिहिलं, नंदकिशोर सोळंकी. मी म्हटलं, साळुंखे. ते म्हणाले, "एकच ना, नंदुभाई!" आत्या, घाटकोपरला मी चाळीस वर्षं हेच ऐकत आलोय. वाण्याकडे सोळंकी, इस्त्रीवाल्याकडे सोळंकी, सोसायटीच्या पाटीवरही दोन वर्षं सोळंकी होतं, आणि प्रत्येक वेळी मी तुझ्यासारखा छाती काढून सांगत आलोय की आम्ही साळुंखे, सोळंकी वेगळे. या वेळीही वाद घातला. कार्ड बदलून घेतलं आणि मग साळुंखे नावाचं असेल ते सगळं काढा म्हणालो. त्यांनी तीन पुस्तकं काढून दिली: कुणा साळुंख्यांचं कोंबडीपालनावरचं, दुसऱ्या कुणा साळुंख्यांचा कवितासंग्रह ज्याची जोडलेली पानं आजवर कुणी फाडून उघडलीच नव्हती, आणि एका साखर कारखान्याचा अहवाल, ज्यात एक साळुंखे उपाध्यक्ष होते. मी तिन्ही पूर्ण वाचली. आपल्या कुळाविषयी काही कळलं नाही, पण कोंबड्यांना मानमोडी होऊ नये म्हणून काय करावं ते कधीही विचार.

त्याच वाचनालयात जुन्या स्मरणिकांच्या गठ्ठ्यात एका साळुंखे कुलमंडळाचा मुलुंडचा पत्ता सापडला. त्यांचा मेळावा होता, गेलो. हॉलमध्ये शंभरेक साळुंखे बसले होते आणि भिंतीवर चौदा फूट लांब वंशवृक्ष टांगला होता, ज्याच्या बुंध्याशी राजे होते. अध्यक्षांनी तासभर बोलून सिद्ध केलं की आपण सगळे राजघराण्यातले. खोटं कशाला सांगू, बटाटेवडा खाताना मी जरा ताठ बसलो होतो. मग त्यांनी एकेकाला उठवून मूळ गाव विचारायला सुरुवात केली. माझी पाळी आली, मी उठलो आणि मला गावाचं नाव येईना! साठीचा माणूस, घरात मालवणी बोलणारा, आणि गाव माहीत नाही. गणपतीत सगळी चाळ गावी जायची तेव्हा आपण परळलाच. आजोबा म्हणायचे, भावकीशी फाटलंय, गावाचं नाव काढू नका. बाबांनी शेवटपर्यंत काढलं नाही. तुला विचारलं की तू म्हणायचीस, खाडयेपलीकडे रे, तुका काय करूचा आसा? मी तसंच सांगितलं, खाडीपलीकडचे. सभागृहात कुणी हसलं नाही, पण शेजारच्या साळुंख्यांनी खुर्ची वीतभर सरकवली. अध्यक्ष भला माणूस. जाताना जिन्यात माझं लहानपण परळचं हे ऐकून म्हणाले, आजोबा गिरणीत होते ना? मग राजे सोडा, गिरणीचे कागद बघा.

म्हणून परळ. आपल्या जुन्या चाळीपासून दहा मिनिटांवर दोन खोल्यांचा एक संग्रह आहे. गिरण्या गेल्यावर कामगारांच्या घरातून जे रद्दीत जायचं ते काही माणसांनी तिथे आणून ठेवलंय: पत्रकं, पाळण्यावर टांगायची चित्रं, भजनी मंडळांच्या वह्या, बिल्ले. चेतना नावाची बाई तिथलं सगळं बघते. चाळिशीची असेल, चष्मा डोळ्यांवर कमी आणि डोक्यावर जास्त. तिने दारातच माझं पेन काढून घेतलं आणि पेन्सिल दिली, का तर जुन्या कागदाला शाई लागू नये. (तुझं लाल पेन त्या बाईने कस्टडीत टाकलं असतं.) आजोबांची गिरणी आणि खातं सांगितल्यावर तिने एक वही काढली. कातण खात्याच्या मुकादमाची स्वतःची हजेरीवही, १९४३ ते ४७. माणसं कामाला लावायची ती मुकादमानेच, त्यामुळे कोण आलं, कोण नाही, हे तो मराठीत टिपून ठेवायचा. त्याच्या नातवाने माळा साफ करताना ती आणून दिली होती.

आणि दुसऱ्याच दिवशी मला ४१७ नंबर सापडला. आजोबांचा पितळी बिल्ला आमच्या शोकेसमध्ये आहे ना, तोच. पण त्यापुढे आजोबांचं, म्हणजे गोविंद, हे नाव नव्हतं. नाव होतं अंबादास साळुंखे. मी म्हटलं, वा, हे आजोबांचे थोरले भाऊ असणार, नंबर पुढे धाकट्याला मिळाला. आणि त्याच पानांवर आणखी एक होते, ब. साळुंखे. आठवड्यात दोनदा, कधी तीनदा. मी बारकाईने ताळा घातला (विमा कंपनीची सवय) तर दिसलं की ज्या दिवशी अंबादास हजर त्या दिवशी ब. कामावर नाहीत, आणि अंबादास नसले की ब. हटकून हजर. चार वर्षांत हे दोघे एकदाही एका दिवशी कामावर आले नाहीत! म्हणजे भावाभावांत केवढं वैर असलं पाहिजे. मी ब. चं बाबाजी करून टाकलं आणि 'बाबाजी साळुंखे: स्वभाव आणि कलह' असं तीन पानी टिपण लिहिलं. त्यात आपल्या घरातला तापटपणा कुठून आला याची मीमांसा आहे, आणि हो, तुझा उल्लेख आहे. पुढच्या पानांवर ब. परब आणि ब. तावडेही निघाले. तेही आपापल्या भावांचं तोंड बघत नव्हते. त्यावरून त्या काळात कोकणात मुलांची नावं ब वरून ठेवायची पद्धत होती आणि एकत्र कुटुंबं मोडकळीला आली होती, असे दोन निष्कर्ष मी काढले.

हे टिपण मी चेतनाला वाचून दाखवलं. तिने दुसऱ्या पानापर्यंत दम धरला, मग ती इतकी हसली की डोक्यावरचा चष्मा टेबलाखाली गेला. "काका, ब. म्हणजे बदली हो!" आत्या, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गिरणीकामगाराचा नातू मी. रोज सकाळी जिन्यात 'आज बदली लागली काय रे' ऐकत वाढलो. ज्याचा कायमचा नंबर तो आला नाही की त्याच्या जागी दिवसापुरता उभा राहणारा तो बदली, हे मला शेंबडा असताना माहीत होतं. पण तो शब्द मी कायम ऐकलेला, वाचलेला कधीच नव्हता. ब. साळुंखे म्हणजे साळुंख्यांच्या जागी आलेला कुणीतरी. चेतनाने वहीचं पहिलं पान उघडून दाखवलं. तिथे मुकादमाने एकदाच पूर्ण लिहिलं होतं: ब. साळुंखे, म्हणजे गोविंद घाडी.

मग तिने शेवटची पानं उघडली. जून सत्तेचाळीस, ४१७ समोर 'अंबादास गावी गेला' एवढंच, आणि दुसऱ्या दिवसापासून ४१७ गोविंद साळुंखे. कायमच्या नोंदीतलं आडनाव बदलायचं तर साहेबाच्या सहीपर्यंत जावं लागे, त्यापेक्षा माणूस बदलणं सोपं, असं चेतना म्हणाली. अशी कितीतरी माणसं तिच्या वह्यांत आहेत. मी पेन्सिल खाली ठेवली. आपण साळुंखे नाही. आपण घाडी, आणि ज्या आडनावासाठी तू पोरीला दारातून परत पाठवलंस ते आडनाव आपल्याकडे बदलीवर आलंय. पहिल्यांदा मनात कोण आलं असेल तर केयूरभाई. त्यांच्यासारख्या माणसांवर मी चाळीस वर्षं उगाचच चिडलो.

पण मग तो अंबादास कोण? मला वाटलं, प्रबुद्धच्या घरी विचारावं. शनिवारी सकाळी मानखुर्दला गेलो, एकटाच, पिशवीत वही घेऊन. त्यांच्या घरात मोठ्या त्या शांताबाई, प्रबुद्धची आजी, जालन्याकडच्या. तुझ्याहून चारपाच वर्षांनी लहान असतील, कान शाबूत. मी बसल्या बसल्या वही काढली आणि विचारायला लागलो. मूळ गाव कुठलं, मुंबईत कोणत्या साली आलात, आजेसासऱ्यांचं नाव काय, त्यांच्या वडलांचं काय. दोन उत्तरं त्यांनी दिली. तिसऱ्याला माझ्याकडे बघत म्हणाल्या, "साहेब, तुम्ही आडनाव शोधायला आलाय का जात मोजायला?" प्रबुद्ध म्हणाला, आजी, असं काय. त्या म्हणाल्या, तू पोहे आण. मी वही मिटून पिशवीत ठेवली, ती परत काढली नाही.

पोहे खाताना त्या आपणहून बोलल्या. म्हणाल्या, एकच आडनाव म्हणून मीपण आधी नाहीच म्हणाले होते. (दोन म्हाताऱ्या, दोन टोकांना, एकच आक्षेप! तुमची ओळख व्हायलाच हवी.) मग कळलं तुम्ही कोण, तेव्हा वेगळीच धास्ती पडली. "पोरगी आमच्यात राहील हो, चांगली हाय. पण तिच्या घरचे आमच्याकडं जेवतील का? का सणाला पोरीला एकटीलाच धाडतील?" मी दुसऱ्यांदा पोहे मागून घेतले. तिसऱ्यांदाही घेतले, आणि ते भुकेपोटी नव्हते हे त्यांनाही कळलं असणार. मग त्यांना ४१७ ची गोष्ट सांगितली, ब. साळुंख्यांसकट. शांताबाईंनी पदर तोंडाला लावला आणि त्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. "म्हंजे आडनाव आमचं, आन् नाक तुमचं वर!" अंबादास त्यांचा कुणी नाही. त्यांच्या घरचे मुंबईत आले ते गोदीत लागले, गिरणीचं तोंड कुणी पाहिलं नाही. पण कातण खातं म्हटल्यावर त्या म्हणाल्या, विणायच्या खात्यात तेव्हा आमच्या माणसाला घेत नव्हते, कातणातच ठेवायचे, आमच्यातला असेलही. कागदावर तसं कुठे नव्हतं, म्हणून मी तुला तसं लिहिणारही नव्हतो.

इथपर्यंत पत्र दहा दिवसांपूर्वी लिहून झालं असतं. पण मी चेतनाला बोलता बोलता आपल्या चाळीचं नाव सांगितलं होतं, आणि तिचा फोन आला की काका, या. आपल्या चाळीच्या बालमंडळाचं दिवाळीचं हस्तलिखित तिला सापडलं होतं, १९५१ चं. मुखपृष्ठावर आकाशकंदील, त्याचा लाल रंग अजून हाताला लागतो. तेविसाव्या पानावर 'माझे आडनाव' नावाचा निबंध आहे. लेखिका, कु. विमल गोविंद साळुंखे, इयत्ता चौथी. तू विसरली असशील असं मी म्हणणार नाही, माझे शाळेतले गणिताचे मार्क तुला अजून पाठ आहेत. तरी इथे उतरवून देतो, शुद्धलेखन तुझंच आहे आणि त्यात एकही चूक नाही.

"माझे आडनाव पूर्वी घाडी होते. आता साळुंखे आहे. बाबांचे गिरणीत एक आणि माझे शाळेत एक असे चालत नाही, म्हणून बाईंनी पटावर खोडून लिहिले. हे आडनाव अंबादासकाकांचे आहे. मी लहान होते तेव्हा ते आमच्याकडे चहाला येत. आई त्यांना वेगळ्या कपात चहा देई. एकदा बाबांनी तो कप स्वतः घेतला व आपला कप काकांना दिला. आई दोन दिवस कोणाशी बोलली नाही. मग तिने तो कप सर्व कपांत ठेवला. आता तो कोणता ते ओळखू येत नाही. काका गावी गेले ते अजून आले नाहीत. बाबा म्हणतात, आडनाव उसने आहे, जपून वापर. काका आले की मी त्यांना विचारणार आहे, मी नीट वापरले ना?"

मी ते दोनदा वाचलं आणि तिसऱ्यांदा चेतनाने वाचून दाखवलं, कारण मला अक्षर दिसेना. आत्या, मी तुझ्यावर रागावलेलो नाही. शेजाऱ्याची छत्री घरात दहा वर्षं राहिली की आपण तिला आपलीच म्हणतो आणि कुणी हात लावला तर ओरडतो, मीही ओरडलो असतो. तुला तर ती त्र्याहत्तर वर्षं सांभाळायची होती, आणि घाडी म्हणणारं शेवटचं माणूस गेल्यावर एकटीने सांभाळायची होती. दिशा 'बुद्ध' म्हणाली तेव्हा तू इतका वेळ गप्प का बसलीस ते मला आता कळतंय असं वाटतं. त्या वेळी तुला कोण आठवलं हे मी विचारत नाही. पण नऊ वर्षांच्या विमलला विचारलं असतं तर ती दारात 'येव नको' म्हणाली नसती, हे मी लेखी द्यायला तयार आहे.

तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं: आपलं आडनाव त्यांच्याकडे गेलेलं नाही, त्यांच्यातल्या एका चांगल्या माणसाचं आपल्याकडे आलेलं आहे. भावकी नाही, त्यामुळे तुझा पहिला आक्षेप निकालात निघाला. दुसरा आक्षेप तुझ्या आईने दोन दिवसांत मागे घेतला होता. तुला चार महिने झालेत. हजेरीवहीच्या दोन पानांची आणि हस्तलिखिताच्या एका पानाची झेरॉक्स सोबत जोडली आहे.

आपल्यात मोठं माणूस आता तू एकटीच उरलीस, तेव्हा घरातल्या सगळ्यांचे नमस्कार तुलाच. तुझ्याकडे लहान कुणी नाही, म्हणून आशीर्वाद वॉचमनच्या मुलीला दे.

तुझा,
नंदकिशोर
(पुढे आडनाव लिहिताना पेन थांबलं. नंतर लिहिलं. साळुंखे.)

ता. क. हे पत्र तपासून परत पाठवशील तेव्हा काय हवं ते खोड. 'माझे आडनाव' ची झेरॉक्स मी दिशाला दाखवलेली नाही, माधुरीलाही नाही. ती तुझी आहे, कुणाला वाचायला द्यायची ते तू ठरव.

ता. क. २. लग्नाची नोटीस लागली आहे (तू 'हो' म्हणशील या भरवशावर दिशाने दिली). पुढच्या महिन्याची वीस तारीख, सकाळी अकरा, विवाह नोंदणी कार्यालय; मी गाडी घेऊन तुला न्यायला येतो. मूळ आधार कार्ड, त्याची एक प्रत आणि दोन फोटो तयार ठेव (तो पासपोर्टवरचा नको, त्यात तू मुख्याध्यापिकेसारखी दिसतेस). साक्षीदार तीन लागतात. पहिल्या शांताबाई, दुसरी माधुरी. तिसरी जागा दिशाने रिकामी ठेवली आहे आणि तिथे दुसरं कुणीही तिला चालणार नाही. तीन सह्या झाल्या नाहीत तर लग्न लागत नाही, हे मी कार्यालयात दोनदा विचारून घेतलं.

ता. क. ३. वर मी लिहिलं आहे की तू सांगितलंस म्हणून शोधायला निघालो. ते पुरतं खरं नाही. तू 'लेखी आणून दी' म्हणालीस तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं होतं. दिशाला 'नाही' म्हणायची माझी हिंमत नव्हती आणि 'हो' म्हणायचीही नव्हती. चार महिने मी वह्या चाळत होतो ते कुठेतरी एखादी भावकी निघावी आणि हे लग्न माझ्या तोंडून न मोडता मोडावं म्हणून. शांताबाईंनी मला दहा मिनिटांत ओळखलं, माधुरीने त्याच्याही आधी, दिशाने अजून नाही. वीस तारखेला मुलीचा बाप म्हणून मला त्यांच्यासमोर उभं राहायचंय, आणि एकट्याने ते जमेल असं वाटत नाही. दिशासाठी ये असं वर लिहिलं, ते तिचं मागणं. माझ्यासाठी ये, आत्या.